परदेशीपुऱ्यातले ऊन पाणी

रेडिएटर म्हटले की आपल्या गोव्यातल्या माणसाला गॅरेज आठवते. चोर्ला किंवा अनमोडचा घाट चढताना गाडी तापते, बॉनेटमधून वाफ निघते, ड्रायव्हर गाडी कडेला घेतो आणि इंजिन निवल्यावर फडक्याने झाकण उघडून पाणी ओततो. रेडिएटर म्हणजे नको असलेली उष्णता बाहेर टाकायचे यंत्र, एवढीच आपली ओळख. तसाच एक रेडिएटर घरात भिंतीला टेकून उभा असतो आणि त्याच्याकडून माणसे उष्णता मागून घेतात, हे आपल्याला कळते ते स्विंडनला किंवा लंडनला गेलेल्या नातेवाइकांकडून. "पहिल्या हिवाळ्यात मी त्याच्यावरच मोजे वाळत घातले," असे कुणीतरी सांगतो, आणि आपण हसतो.

घरातला हा रेडिएटर तसा फार जुना नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रशियातल्या सेंट पीटर्सबर्ग शहरात फ्रांझ सॅन गॅली नावाच्या कारखानदाराने तो घडवला, असे मानतात. कल्पना साधी. एका जागी पाणी तापवायचे, ते नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरवायचे, प्रत्येक खोलीत लोखंडाच्या पोकळ पट्ट्यांतून त्याची ऊब हवेला द्यायची, आणि निवलेले पाणी पुन्हा तापायला परत आणायचे. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरते. कुणी ते पीत नाही, कुणी त्यात न्हात नाही.

या रेडिएटरने दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात मला थेट इंदूरच्या परदेशीपुऱ्यात नेऊन सोडले. ती हकीकत आज सांगायची आहे.

माझी मावशी मूळची डिचोलीची. जनमत कौलाच्या वर्षी, म्हणजे १९६७ साली, तिचे लग्न झाले आणि ती इंदूरला गेली. काका परदेशीपुऱ्याजवळच्या एका कापडगिरणीत कारकून होते. लग्नात वऱ्हाडी मंडळी गावाचे नाव ऐकून म्हणाली होती म्हणे, "पोरीला परदेशीच धाडता की काय!" पण जुन्या मराठीत 'परदेशी' म्हणजे सातासमुद्रापलीकडचा नव्हे. उत्तर हिंदुस्थानातून आलेला माणूसही आपल्या आजोबांच्या तोंडी परदेशीच असे. इंदूरच्या या पट्ट्यात मालवा मिल, हुकुमचंद मिल, कल्याण मिल, स्वदेशी मिल अशा गिरण्या उभ्या राहिल्या तशी उत्तरेकडून माणसे आली, तशीच खानदेशातून आणि वऱ्हाडातूनही आली. शेजारच्या वस्तीचे नाव 'कुलकर्णी का भट्टा'. आडनाव मराठी, प्रत्यय हिंदी आणि धंदा भट्टीचा! होळकरांच्या या शहरात मराठी माणूस किती खोल मुरला आहे हे सांगायला एवढे एक नाव पुरे आहे.

त्या वेळी परदेशीपुऱ्याचा दिवस भोंग्यावर चाले. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आधी घरातल्या कर्त्या माणसाची आंघोळ, चहा, डबा सगळे व्हायचे. म्हणजे त्याच्याही आधी तासभर कुणीतरी उठून बंब पेटवलेला असायचा. हे 'कुणीतरी' कोण, ते सांगायला नकोच. आता भोंगे नाहीत. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि तिच्या कामगारांच्या देण्याचे २२४ कोटी रुपये मोकळे व्हायला २०२३ चा डिसेंबर उजाडावा लागला. तोवर कितीतरी जण पैशांची वाट पाहत निघून गेले होते. काका सुदैवाने त्याआधीच निवृत्त होऊन बाहेर पडले होते. ते जाऊनही आता बारा वर्षे झाली. मावशी एकोणऐंशी वर्षांची, घरात एकटी. एकुलता मुलगा, माझा मावसभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, तो लीड्सला असतो. वीस वर्षे झाली.

त्या शरदात दादाने आपल्या लीड्सच्या घरातले सगळे रेडिएटर बदलून घेतले. तो हौशी माणूस. रोज व्हिडिओ कॉलवर मला प्रगती दाखवायचा. जुने रेडिएटर काढले तेव्हा त्यांतून डांबरासारखा काळा गाळ निघाला. पोलादाला आतून गंज चढून झालेला तो गाळ तळाशी बसला, म्हणून रेडिएटर वरून कढत आणि खालून थंडगार लागत. उलट वरचा भाग थंड आणि खालचा गरम असला तर आत हवा अडकली आहे असे समजायचे आणि छोट्या किल्लीने ती सोडून द्यायची. तांब्याच्या जुन्या नळ्यांच्या जागी त्याने प्लास्टिकच्या घातल्या. बॉयलरलगतचा तुकडा तेवढा तांब्याचाच ठेवला, कारण तिथली उष्णता प्लास्टिकला सोसत नाही. हे प्लास्टिकही साधे नव्हे. साध्या प्लास्टिकच्या भिंतीतून हवेतला प्राणवायू कणाकणाने आत झिरपतो आणि पोलादी रेडिएटर पुन्हा गंजू लागतात. म्हणून त्या नळीच्या अंगात प्राणवायू अडवणारा एक पातळ थर दिलेला असतो. बाहेरून नळी अगदी घट्ट, पाण्याचा एक थेंब गळत नाही, आणि तरी हवा आत शिरते! मला या गोष्टीचे फार नवल वाटले.

त्या सगळ्या खटपटीत एक दिवस दादा म्हणाला, "मी असंच परदेशीपुऱ्यात करतो. आईच्या घरात रेडिएटर बसवतो. पैशांचं तू बघू नकोस, तू फक्त जाऊन उभा राहा."

यामागचे कारण मला ठाऊक होते. तीन वर्षे तो मावशीला लीड्सला ये म्हणत होता आणि ती नाही म्हणत होती. आधीच्या हिवाळ्यात शेजारची एक बाई पहाटे ओल्या फरशीवर घसरून पडली, खुब्याचे हाड मोडले आणि ती पुन्हा अंथरुणातून उठलीच नाही. ही बातमी ऐकल्यापासून दादाची झोप उडाली होती. आई येत नाही तर निदान आपल्या घरातली ऊब तरी आईच्या घरी पोचवावी, असे त्याच्या मनाने घेतले.

गोव्यातल्या वाचकांना इंदूरची थंडी कळायची नाही. आपल्याकडे सकाळी अठरा अंश झाले की आपण बंडीची बटणे लावतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, माळव्याच्या पठारावर. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचे वारे सुटले की पहाटेचा पारा सात-आठ अंशांवर येतो, कधी त्याहीखाली. गच्चीवरच्या टाकीतले पाणी रात्रभर निवते आणि सकाळी नळाखाली हात धरला की बोटांची हाडे दुखतात. दुपारी मात्र लख्ख ऊन. माणसे खुर्च्या बाहेर काढून पाठ शेकत बसतात.

मी परदेशीपुऱ्यात पोचलो. घर नीट पाहिले आणि दादाला फोन लावला. रेडिएटर चालतो तो बंद घरात. जिथे भिंतीत ऊब कोंडणारा थर आहे, खिडक्यांना दुहेरी काच आहे, दार लावले की हवा आत-बाहेर होत नाही, अशा घरात. मावशीच्या घराच्या मध्यभागी उघडे अंगण, स्वयंपाकघराला जाळीची खिडकी, आणि पुढचे दार सकाळी सहाला उघडते ते रात्री नऊला लागते. दार बंद दिसले तर शेजारणी विचारायला येतात, "काकू, बरं नाही का?" हे दार बंद करणे म्हणजे तिची विचारपूस बंद करणे. दोन किलोवॅटचा हीटर रात्रभर आठ तास चालवला तर सोळा युनिट जळतील आणि त्यातली बरीचशी ऊब अंगणातून आकाशात जाईल. तेवढ्याच ताकदीच्या गीझरने पंचवीस लिटर पाणी पंधरा अंशांवरून साठ अंशांवर न्यायला चाळीस मिनिटे लागतात आणि जेमतेम सव्वा-दीड युनिट वीज लागते. आणि ही थंडी ती किती दिवसांची? पाच-सहा आठवड्यांची.

दादा ऐकत होता. मग म्हणाला, "मग करायचं काय?"

मला सुचलेली एकच गोष्ट मी केली. मावशीला विचारले, "मावशी, तुला थंडी नेमकी कुठं वाजते?"

ती म्हणाली, "हातांना."

खोली नव्हे, पाय नव्हेत, पाठ नव्हे. हात. दिवसभर तिचे हात पाण्यात असतात. तांदूळ धुणे, भाजी धुणे, देवाची भांडी, मोरी. साठ वर्षांपूर्वी डिचोलीतही तेच होते, पण तिथले विहिरीचे पाणी थंडीतही उलट ऊन लागायचे.

ऊन पाण्यासाठी तिच्याकडे होता तो बंब. तांब्याचा, पोटाशी पितळी तोटी असलेला, मधून धुराची नळी वर गेलेली. तिच्या सासूने घेतलेला. आपल्याकडे न्हाणीत चुलाण्यावर भाण बसवलेले असते, तसा हा तिकडचा बंब. फरक इतकाच, की भाण एका जागी चुन्यामातीत बसवलेले, आणि बंब तीन पायांवर उभा, अंगणात हलवता येणारा. खाली लाकडाच्या ढलप्या, पऱ्हाटी, वखारीतला भुसा. पाणी तापले की तोटीने बादलीत काढायचे आणि ती बादली अंगण ओलांडून न्हाणीघरात न्यायची. एकोणऐंशी वर्षांची बाई, पहाटेचा अंधार, ओली फरशी आणि हातात कढत पाण्याची बादली. दादाची झोप उडाली होती ती उगाच नव्हती.

बंबाचा एक नियम होता, आणि मावशी तो पाहुण्यांनाही पाळायला लावी. बंबाच्या तोंडावर नरसाळे असते. तोटीतून जेवढे ऊन पाणी काढले तेवढे थंड पाणी नरसाळ्यातून आत ओतायचे. घेतले तेवढे घालायचे. का? तर आपल्यानंतर येणाऱ्यालाही ऊन पाणी मिळावे म्हणून. शिवाय बंब रिकामा झाला आणि खाली जाळ राहिला तर तळाची कल्हई जाते, सांधे निखळतात, हेही आहेच. पण मुलांना सांगताना तिने कल्हईचे कारण कधी सांगितले नाही. "तुझ्या मागून कुणीतरी न्हायचा आहे," एवढेच म्हणे. घरात सहा माणसे आणि भोंग्याची घाई असलेल्या काळात हा नियम मोडणाऱ्याला चहा उशिरा मिळत असे.

म्हणून गीझरची गोष्ट काढल्यावर ती सरळ नाही म्हणाली. "मला काय झालंय? हात चालतात, पाय चालतात. भिंतीतून पाणी येणार, कुणी तापवलं, कुणासाठी तापवलं, काही कळायचं नाही."

दोन दिवस मी गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासायला बाई आली. चाळिशीची, तीन घरे आटोपून येणारी. अंगणातल्या मोरीवर उकिडवी बसून थंडगार पाण्यात भांडी घासत होती. तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या आणि एका भेगेतून रक्त येत होते. मावशीने बंबातून तांब्याभर ऊन पाणी काढले आणि तिच्यापुढे ठेवले. ती घेईना. म्हणाली, "अम्मा, आप झुककर निकालती हो, मुझे अच्छा नहीं लगता." कळले ते असे, की मावशी रोज पाणी काढून देई आणि ती रोज नको म्हणे. दोघींचा हा वाद सबंध हिवाळाभर चाले.

बाई गेल्यावर मावशी म्हणाली, "हा तुझा गीझर मोरीवर पाणी देईल?"

"देईल."

"मग बसव. पहिला नळ मोरीवर. न्हाणीघराचं मागून बघू."

मिस्त्री आला तो पाटनीपुऱ्याकडचा, पन्नाशीचा. त्याने जुन्या लोखंडी पाइपचा एक तुकडा कापून माझ्या हातात दिला. पाऊण इंची पाइप, पण आत गंज आणि क्षार बसून पेन्सिल जाईल एवढेच भोक राहिले होते. "भिया, ये तो नस ही बंद है," तो म्हणाला. घराला दोन पाणी. एक नर्मदेचे, जे १९७८ पासून सत्तरेक किलोमीटरवरच्या जलूदहून घाट चढून इंदुरात येते, आणि दुसरे बोअरचे, काळ्या खडकातून वर येणारे जड पाणी. पन्नास वर्षे या दोहोंनी मिळून पाइपच्या आत दुसरा दगडी पाइप केला होता. लीड्सला काळा गाळ, इथे तांबडा दगड. लोखंड आणि पाणी एकत्र नांदले की शेवट हाच.

सगळे लोखंड काढून सीपीव्हीसी घालायचे ठरले. रंगाने पिवळट पांढरा असा हा प्लास्टिकचा पाइप. साधा पीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही, साठ अंशांच्या आसपास तो मऊ पडू लागतो. त्याच प्लास्टिकमध्ये क्लोरीनचे प्रमाण वाढवले की तो नव्वद अंशांपर्यंतचे पाणी सोसतो. म्हणून नावात आधी एक 'सी'. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि किमतीतल्या फरकाला भुलून पुष्कळ घरांत गरम पाण्यालाही साधाच पाइप जातो. वर्षभरात तो वाकतो आणि सांधे सुटतात.

सांधा करायची रीत पाहण्यासारखी. पाइप काटकोनात कापायचा, कडेची बूर चाकूने काढायची, पुसून कोरडा करायचा. पाइपला बाहेरून आणि एल्बोला आतून सोल्यूशन लावायचे, आत ढकलताना पाव वळसा द्यायचा आणि अर्धा मिनिट दाबून धरायचे. हे सोल्यूशन म्हणजे गोंद नव्हे. ते दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवते आणि वाळताना दोन्हींचा एकच तुकडा होतो. थंडीत मात्र त्याला वाळायला वेळ लागतो. मिस्त्रीने बजावले, "ठंड है, कल शाम तक पानी मत छोड़ना." सांध्याला घाई केली तर तो आज धरतो आणि उद्या सुटतो.

दुसरी गोष्ट, प्लास्टिक तापले की लोखंडापेक्षा पुष्कळ जास्त वाढते. दहा फुटांचा पाइप, पाणी चाळीस अंशांनी तापले तर सात-आठ मिलिमीटर लांबतो. भिंतीत करकचून आवळला तर तो कण्हत राहतो आणि शेवटी कुठेतरी तडकतो. म्हणून क्लॅम्प सैल ठेवायचे, वळणावर थोडी मोकळी जागा सोडायची. गीझरच्या तोंडाशी प्लास्टिक न जोडता धातूची लवचीक नळी द्यायची आणि पितळी आट्यांवर पाना जपून चालवायचा.

भिंत किती फोडायची यावरून थोडी चर्चा झाली. मिस्त्री म्हणे सगळ्या झिऱ्या मारू, पाइप आत घालू, सुंदर दिसेल. मावशीचे म्हणणे, भिंतीला हात लावायचा नाही, सासऱ्यांनी बांधलेली आहे. मला पॅट्रिक गेडिस आठवले. या स्कॉटिश नगरतज्ज्ञाने १९१८ साली इंदूरच्या दरबाराला शहराविषयी दोन खंडांचा अहवाल दिला होता. जुन्या वस्त्या सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्याला त्यांचा विरोध असे. जरूर तेवढीच शस्त्रक्रिया करा आणि वस्तीला जगू द्या, असे त्यांचे सांगणे. आम्हीही तेच केले. पाइप भिंतीवरून नेला, वर फोमचे वेष्टन चढवले आणि भिंत फक्त दोन ठिकाणी, आरपार जाण्यापुरती भोसकली.

गीझर कुठे टांगायचा हा खरा प्रश्न होता. न्हाणीघर आणि मोरी अंगणाच्या दोन टोकांना. न्हाणीघरात टांगला तर मोरीपर्यंत बारा मीटर पाइप होत होता. पाऊण इंची पाइपमध्ये तेवढ्या लांबीत तीन लिटर पाणी मावते. म्हणजे ऊन पाणी येण्याआधी प्रत्येक वेळी तीन लिटर थंड पाणी वाहून जाणार. अर्ध्या इंची पाइप घातला तर दीड लिटर. रात्री दादाशी बोललो. तो म्हणाला, त्याच्याकडेही असेच झाले होते. बॉयलरजवळचा रेडिएटर सगळे गरम पाणी ओढून घेई आणि सगळ्यात लांबची खोली, त्याच्या मुलीची, थंड राही. कारागिराने लांबच्या रेडिएटरला काही केले नाही. जवळच्या प्रत्येकाची तळाची चावी थोडी थोडी आवळली. जवळच्यांनी घोट कमी घेतला तसे लांबपर्यंत पाणी पोचले. याला तिकडे तोल साधणे म्हणतात.

हे सांगून दादा क्षणभर थांबला. "सगळ्यात लांबची खोली माझ्या आईची आहे रे," म्हणाला. मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे होते काय?

दुसऱ्या दिवशी गीझर मोरीच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगला. मोरीला दोन मीटर, ओट्याला तीन, आणि न्हाणीघराला अर्ध्या इंचीचे बारा मीटर. न्हाणीघरात सुरुवातीचे दीड लिटर थंड पाणी मावशी बादलीत धरते आणि तुळशीला घालते. तापमान साठ अंशांवर ठेवले, पण इतके ऊन पाणी म्हाताऱ्या कातडीला काही सेकंदांत भाजते. म्हणून न्हाणीघरात गरम-थंड मिसळणारा एकच नळ दिला आणि खाली खरबरीत फरशी घातली. गीझरचा जादा दाब सोडणारी वाफेची वाट मोकळी ठेवली. मिस्त्री म्हणाला, पुष्कळ लोक तिथून थेंब पडतो म्हणून ती बंद करून टाकतात आणि मग टाकी फुटते.

सांधे वाळेपर्यंत दीड दिवस घरात नळाचे पाणी नव्हते. चार घरांतून कळशा आल्या. कुणाला सांगितले नव्हते. दार उघडे होते, एवढेच.

पाणी सोडले त्या सकाळी मोरीवर पहिला हात भांडीवाल्या बाईचा. तिने नळाखाली हात धरला आणि चटकन मागे घेतला. मग हसली आणि पुन्हा धरला. बराच वेळ नुसता धरून ठेवला. एकही भांडे न घासता.

मला वाटले होते, आता मावशीची पहाट उशिरा होईल. तसे झाले नाही. ती साडेपाचला उठते, गीझरचे बटण दाबते, लाल दिवा लागला की नाही ते बघते आणि मी असलो तर पूर्वीसारखीच, खास डिचोलीच्या कोंकणीत हाक मारते, "उदक तापलां, न्हावंक यो." बटण कुणीही दाबू शकतो. पण पाणी तापले आहे, ये, असे कुणीतरी म्हणावे लागते. ते काम तिने यंत्राकडे दिलेले नाही.

बंबाचे काय झाले ते विचाराल. दादाला तो लीड्सच्या बैठकीत शोभेला हवा होता. आपल्याकडे हॉटेलांच्या दारात भाणांत जास्वंदी लावलेल्या दिसतात, तसेच काहीतरी त्याच्या मनात असावे. मावशीने दिला नाही. कल्हई करून घेऊन ठेवला आहे. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी घासून, भोवती झेंडूची माळ बांधून ती त्यात पाणी भरते. गोव्यात आपण भाणाला कारिटाच्या वेलीची माळ घालतो. परदेशीपुऱ्यात कारीट कुठले? झेंडूवर भागते. त्या एका पहाटे गल्लीतली चार-सहा मुले बंबाच्या पाण्याने न्हायला येतात आणि प्रत्येकाला नरसाळ्यातून पाणी ओतायला लावले जाते.

असो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आज अशी विभागणी झालेली आहे. कुणी स्विंडनला, कुणी कुवेतला, कुणी पुण्याला, आणि गावच्या घरात एक म्हातारे माणूस. लांबून प्रेम करायचे तर वस्तू पाठवणे सोपे वाटते. दादानेही तेच योजले होते, आणि त्यात काही वाईट नाही. त्याच्याच पैशांनी हे काम झाले. पण तो रेडिएटर पाठवणार होता तो त्याला स्वतःला जिथे थंडी वाजते तिथे, म्हणजे खोलीला. तिला थंडी वाजत होती हातांना, आणि तिच्याहून जास्त तिच्या मोरीवर बसणाऱ्या बाईच्या हातांना. हे लीड्सहून दिसत नाही. पणजीहूनही दिसत नाही.

म्हणून या दिवाळीला गावी जाल तेव्हा हीटर हवा का, गीझर हवा का, असे आईला विचारू नका. ती नकोच म्हणणार. एखाद्या पहाटे तिच्याआधी उठा, न्हाणीपर्यंतची वाट तिच्या पावलांनी चालून बघा, नळाखाली हात धरून बघा. आणि मग विचारा, थंडी कुठे वाजते. उत्तर बहुतेक अगदी लहान असेल, आणि त्यावर करायचे कामही एखाद्या मिस्त्रीच्या दोन-तीन दिवसांचेच असेल.